लग्नगाठ आणि नागरिकत्व

पुण्यातील वधूवर-सूचक मंडळांच्या नोंदवह्यांत 'परदेशस्थ' हा रकाना आता जुना झाला. मुलाचे शिक्षण, पगार, पत्रिका, घर स्वतःचे की भाड्याचे, या साऱ्याची कसून चौकशी होते. मुलगा तेथील नागरिक आहे की नुसताच स्थायिक झालेला आहे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी विचारला जातो, आणि पुष्कळदा विचारलाही जात नाही. वस्तुतः इंग्लंडला दिल्या जाणाऱ्या मुलीचे पुढचे सारे कायदेशीर आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. अशा मुलीच्या, आणि अलीकडे अशा जावयाच्याही, वाट्याला जे नागरिकत्व येते ते कोणत्या अटींवर, किती पैसे मोजून आणि काय गमावून, याचा विचार समाजवादी चळवळीत फारसा झालेला नाही. 'गेले ते सुखात आहेत, त्यांचे काय एवढे?' अशी आपली वृत्ती असते. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. त्या काळात बोटीने गेलेल्या मराठी माणसाला ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचा प्रसंगच येत नसे, कारण गुलाम देशाचा असला तरी तो सम्राटाचा प्रजाजन होताच. मुंबईचे शापूरजी सकलातवाला १९२२ साली बॅटरसीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले ते याच नात्याने. प्रजेला हक्क नव्हते, पण प्रजा म्हणून वावरायला बंदी नव्हती, असा हा साम्राज्यशाहीचा अजब न्याय! मात्र स्त्रीच्या बाबतीत तोही न्याय तोकडा होता. १९१४ च्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश स्त्रीने परक्या देशाच्या पुरुषाशी लग्न केले की ती सर्वसाधारणपणे परकी ठरे. तिचे राष्ट्रीयत्व नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वात विरघळून जाई. हा नियम १९४८ चा कायदा येईपर्यंत टिकला. त्या कायद्याने एक गोष्ट मात्र चांगली केली. ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीला अर्ज करून नोंदणी करवून घेण्याचा हक्क दिला. त्यासाठी तेथे अमुक वर्षे राहण्याची अट नव्हती. हा हक्क होता, मेहेरबानी नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात ब्रिटिश स्त्रीच्या परदेशी पतीला तो नव्हता.

पुढे १९६२ आणि १९७१ च्या कायद्यांनी राष्ट्रकुलातील काळ्यासावळ्या माणसांसाठी दार हळूहळू लोटून घेतले. ते किती हीन पातळीवर जाऊन लोटले गेले याचे दर्शन १९७९ च्या प्रारंभी झाले. हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य-चाचणी' घेण्यात आली. ती खरोखरच अविवाहित आहे की नाही हे ठरवण्याची सरकारी रीत ती ही! बातमी फुटल्यावर भारत सरकारने निषेध नोंदवला, इंग्लंडातील डाव्या आणि स्त्रीवादी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि तो प्रकार थांबवण्यात आला. ब्रिटिश गृहखात्याने तेव्हा ही तुरळक घटना असल्याचा आव आणला होता. परंतु पुढे सरकारी कागदपत्रे खुली झाल्यावर संशोधकांनी दाखवून दिले की अशा तपासण्या कित्येक स्त्रियांच्या झाल्या होत्या आणि त्यांतील बऱ्याचशा आपल्याच देशात, ब्रिटिश वकिलातीच्या कचेऱ्यांतून झाल्या होत्या.

त्यानंतरचा इतिहास 'समता' या शब्दाचा राज्यकर्ते कसा उपयोग करतात याचा वस्तुपाठच आहे. थॅचरबाईंच्या हुजूर सरकारने १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा केला. तो १ जानेवारी १९८३ रोजी अमलात आला. पती आणि पत्नी यांच्यातील भेद त्याने मिटवला खरा, पण कसा? पतीला पत्नीचा हक्क देऊन नव्हे, तर पत्नीचाही हक्क काढून घेऊन. आधी लग्न झालेल्या स्त्रियांना पाच वर्षांची मुदत दिली गेली, आणि ती संपल्यावर दोघेही सारखेच अर्जदार झाले. तेव्हापासून गृहमंत्र्यास योग्य वाटल्यास नागरिकत्व मिळते. दोन वर्षांनी असाच प्रकार पुन्हा घडला. इंग्लंडात स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी आपल्या पतींना येऊ देत नाहीत म्हणून स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की येथे लिंगभेद झाला आहे. सरकारने निकाल शिरोधार्य मानला आणि पत्नींच्या प्रवेशावरही पतींइतकेच निर्बंध लादले! लग्न मुख्यतः इंग्लंडात शिरण्यासाठी केलेले नाही हे अर्जदारानेच सिद्ध करायचे, असा जो कुप्रसिद्ध नियम होता, तो १९९७ साली मजूर पक्षाने सत्तेवर येताच रद्द केला. तो पक्ष या विषयात फार धुतल्या तांदळासारखा राहिला नाही. तरी हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

आजची व्यवस्था काय आहे? ब्रिटिश नागरिकाशी लग्न करून गेलेल्या भारतीय स्त्रीस वा पुरुषास प्रथम तात्पुरता परवाना मिळतो, मग त्याची वाढ, आणि पाच वर्षांनी स्थायी निवासाचा परवाना. ही पाच वर्षे २०१२ च्या जुलैपासूनची. त्याआधी दोन होती आणि २००३ पूर्वी अवघे एक. स्थायी परवाना हाती पडला की नागरिकत्वाचा अर्ज लगेच करता येतो. अन्य स्थायिकांना त्यानंतर सर्वसाधारणपणे बारा महिने थांबावे लागते. नागरिकाच्या जोडीदाराला थांबावे लागत नाही. इतरांना पाच वर्षांचा निवास दाखवावा लागतो, याला तीन वर्षांचा. पुढेही तेथेच राहण्याचा इरादा आहे असे इतरांना सांगावे लागते, जोडीदाराला तेही सांगावे लागत नाही. कागदावर ही सवलतच आहे. परंतु सवलत 'जोडीदार' या नात्याला आहे, माणसाला नाही. अर्जाच्या दिवशी लग्न टिकून असले पाहिजे. त्याआधी घटस्फोट झाला किंवा पती मरण पावला तर विधवेलाही ती सवलत उरत नाही. इतरांच्या लांबच्या रांगेत तिने उभे राहायचे. नवऱ्याच्या छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या स्त्रीला स्थायी परवाना स्वतंत्रपणे मिळण्याची सोय तेथील स्त्री-संघटनांनी झगडून करून घेतली आहे. नागरिकत्वाच्या पायरीवर मात्र नवऱ्याचे बोट धरावेच लागते. हा परवाना नवरा केव्हाही काढून घेऊ शकतो अशी धमकी देऊन सुनेला गप्प बसवणाऱ्या सासरच्या मंडळींची जात पुण्याला अपरिचित नाही. अशा मुलीच्या आईबापांना एवढी एक गोष्ट माहीत असली पाहिजे की स्थायी परवाना एकदा मिळाल्यावर तो नवऱ्याच्या हातात नसतो.

पण खरी मेख आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत देशाबाहेर २७० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, आणि त्यांतील शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा अधिक नाही. स्थायी परवान्यासाठी जोडीदाराच्या वाटेवर अशी दिवसांची मोजणी नसते, त्यामुळे अनेकांना ही अट कळते ती अर्ज भरायला बसल्यावर. आता पुण्यातील परिस्थिती पाहावी. कोथरूड, सहकारनगर, औंध येथील किती घरांत आज फक्त दोन म्हातारी माणसे राहतात! परदेशस्थ मुलांच्या पालकांची संघटना या शहरात निघावी लागली, यातच सारे आले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो, आईच्या खुब्याचे हाड मोडते. मुलगी धावत येते, तीन महिने राहते, बाई ठेवून परत जाते. बाई सोडून जाते, की ही पुन्हा येते. तीन वर्षांत नऊ महिने संपायला काय वेळ लागतो? मर्यादा ओलांडल्यास थोडी क्षमा करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे. पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. आईची शुश्रूषा हे कर्तव्य कायद्याच्या दृष्टीने 'अनुपस्थिती' ठरते. आणि ही अनुपस्थिती बहुतांशी मुलींच्या आणि सुनांच्या खात्यावर जमा होते, कारण शुश्रूषा आपल्या समाजात बायकांच्याच गळ्यात असते. नियम स्त्रीपुरुषांना एकच. त्याचा भार मात्र एकीच्याच खांद्यावर. मग आईवडिलांनाच तिकडे का नेऊ नये, असे कोणी विचारील. २०१२ पासून तोही मार्ग जवळजवळ बुजवलेला आहे. रोजच्या जगण्यासाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या हाताची गरज आहे आणि ती मदत भारतात पैसे टाकूनही मिळू शकत नाही, असे दाखवता आले तरच आईबापांना नेता येते. ज्याची मुले पैसे पाठवू शकतात त्याला मदत मिळू शकते, म्हणून परवाना नाही. ज्याची मुले पाठवू शकत नाहीत त्याला तिकडेही पोसता येणार नाही, म्हणून परवाना नाही!

पैशाचा हिशेब तर मांडलाच पाहिजे, कारण नागरिकत्व ही विकत घेण्याची वस्तू कशी बनते हे त्यातून उघड होते. एप्रिल २०२५ च्या दरांप्रमाणे भारतातून जाणाऱ्या जोडीदाराला पहिल्या परवान्यासाठी १,९३८ पौंड भरावे लागत, मुदतवाढीसाठी १,३२१, स्थायी परवान्यासाठी ३,०२९ आणि नागरिकत्वासाठी समारंभाचे १३० धरून १,७३५. शिवाय राष्ट्रीय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पहिल्या पाच वर्षांत तो साडेपाच हजारांच्या वर जातो. ब्रिटनविषयक ज्ञानाची परीक्षा आहे (२४ प्रश्न, ४५ मिनिटे, उत्तीर्ण होण्यास १८ बरोबर), तिचे ५० पौंड वेगळे. ही सारी बेरीज १३,७०० पौंडांच्या पुढे जाते. रुपयांत पंधरा लाखांहून अधिक. वकिलाची फी यात धरलेली नाही. गृहखाते स्वतःच जो प्रत्यक्ष खर्च प्रसिद्ध करते तो नागरिकत्वाच्या शुल्काच्या निम्म्याहूनही कमी आहे. उरलेली रक्कम हा सरळसरळ नफा होय, आणि तो अशा माणसांकडून घेतला जातो ज्यांच्यापुढे दुसरे दुकान नाही. मक्तेदारीचा सिद्धांत शिकवणाऱ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याहून चपखल उदाहरण सापडायचे नाही. मुलांच्या नागरिकत्व-नोंदणीच्या भरमसाट शुल्काविरुद्ध तेथील बालहक्कवाद्यांनी लढा दिला, तेव्हा २०२२ च्या फेब्रुवारीत त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शुल्क कायदेशीर ठरवले. शुल्क किती असावे हे पार्लमेंटने ठरवावे, असा त्याचा आशय.

याहून निर्दय अट उत्पन्नाची. जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न २०१२ पासून १८,६०० पौंड असावे लागे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ही मर्यादा एकदम २९,००० वर नेण्यात आली. त्याच देशातील किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे राबणाऱ्या कामगाराला त्या दराने सुमारे २३,८०० पौंड मिळतात. म्हणजे सरकार ज्या वेतनाला जगण्यास पुरेसे म्हणते, त्या वेतनावर लग्नाची बायको घरी आणण्यास सरकारचीच बंदी! वॉर्डातील मदतनीस, कोठारातला हमाल, उपाहारगृहातला आचारी यांनी प्रेम आपल्या पगाराच्या आवाक्यात करावे, असाच याचा अर्थ. ही मर्यादा ३८,७०० पर्यंत चढवण्याचा हुजूर सरकारचा बेत मजूर पक्षाने २०२४ मध्ये सत्तेवर आल्यावर थांबवला, पण २०२५ च्या अखेरीपर्यंत २९,००० चा आकडा त्याने खाली आणला नव्हता. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या पक्षाला ही गोष्ट शोभत नाही.

इतके सोसून नागरिकत्व घ्यायचे तरी कशाला? मतदानासाठी नव्हे. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथे राहणारा भारतीय आजही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, ही गोष्ट येथे पुष्कळांना ठाऊक नसते. कारण आहे ते सुरक्षिततेचे. स्थायी परवाना म्हणावा तेवढा स्थायी नसतो. सलग दोन वर्षे बाहेर राहिले की तो संपतो. गंभीर गुन्ह्यात सापडल्यास हद्दपारी येऊ शकते. आणि २०१८ साली उघडकीस आलेल्या 'विंडरश' प्रकरणाने दाखवले की चाळीस-पन्नास वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्या कॅरिबियन वृद्धांनाही, कागद दाखवता आला नाही म्हणून, नोकरी, औषधोपचार आणि घर गमवावे लागले. ते पाहिल्यावर शहाणी माणसे कागद करून घेतात. मात्र नागरिकत्वानेही पूर्ण निर्धास्त होता येत नाही. नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार गृहमंत्र्याकडे आहे, आणि ज्याला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळण्याजोगे आहे त्याच्यावरच तो प्रामुख्याने चालतो. बाहेरून आलेला नागरिक आणि मूळचा नागरिक यांच्यातील ही पायरी शपथविधीच्या सभागृहात दिसत नाही, पण ती असते.

येथवर दोष ब्रिटिशांचा. परंतु ज्या क्षणी ती मुलगी राजा चार्ल्सशी निष्ठेची शपथ घेते, त्या क्षणी तिचे भारतीय नागरिकत्व ब्रिटन हिरावून घेत नाही, भारत हिरावून घेतो. ब्रिटनला दोन नागरिकत्वे चालतात. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम म्हणते की स्वेच्छेने परकी नागरिकता पत्करताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. सूचना नाही, सुनावणी नाही, विचार करायला मुदत नाही. जुना पासपोर्ट परत करायचा, त्याचा दाखला घ्यायचा, नवा ब्रिटिश पासपोर्ट काढायचा आणि मग आपल्याच गावी यायला व्हिसा किंवा परदेशस्थ नागरिकाचे कार्ड मागायचे. या मधल्या आठवड्यांत पुण्याहून वडिलांच्या प्रकृतीचा निरोप आला तर पंचाईत होते. लाहोरच्या मुलीचे असे होत नाही. पाकिस्तान ब्रिटनसोबतचे दुहेरी नागरिकत्व मान्य करतो. फाळणीच्या छायेत आपण जो नियम केला तो ज्याच्या भीतीने केला त्या देशाने स्वतःच्या लेकींसाठी केला नाही, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

'परदेशस्थ नागरिक' ही योजना त्यावरचा उतारा म्हणून पुढे आली. डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या समितीने दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. सरकारने नाव ठेवले नागरिकत्वाचे आणि दिला आजन्म व्हिसा. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने सातबारावर नाव लागले तर लागले. २०२१ पासून संशोधन वा पत्रकारिता करायची तर खास परवानगी काढावी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचित केलेल्या कोणत्याही कायद्याच्या भंगासाठी कार्ड रद्द होऊ शकते. या योजनेचे वर्गचरित्रही लक्षात घेण्यासारखे आहे. २००३ च्या कायद्यात सोळा देशांची यादी होती. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वित्झर्लंड ही त्यांतली नावे. कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज जेथे आजही गणपती बसवतात तो मॉरिशस त्या यादीत नव्हता. माया होती ती पौंडांवर आणि डॉलरांवर. २००५ साली यादी गेली हे बरे झाले, पण मूळ दृष्टी काय होती ते दिसून गेले.

आणि परदेशातून आपल्याकडे सून वा जावई होऊन येणाऱ्यांना आपण कसे वागवतो? १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीयाच्या पत्नीला नोंदणीचा मार्ग होता, पतीला नव्हता. १९८६ साली दोघांना सारखे केले, पण पाच वर्षांच्या निवासाची अट घातली. २००३ साली ती सात वर्षांची केली. वाट ब्रिटिशांचीच! अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी १९७६ साली भारत पाटणकरांशी विवाह केला, १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहून दुष्काळी भागातील चळवळी, फुले-आंबेडकरी विचार आणि परित्यक्ता स्त्रियांचे प्रश्न यांत २०२१ च्या ऑगस्टमध्ये मृत्यू येईपर्यंत राबल्या. त्यांचे भारतीयत्व कोणत्या दाखल्याने मोजायचे? त्याच १९८३ साली सोनिया गांधींनी विवाहाच्या नात्याने नागरिकत्व घेतले. १९९९ साली त्यांच्या 'विदेशी मुळा'वरून काँग्रेस फुटली आणि महाराष्ट्रात एक नवा पक्ष जन्मला. काही महिन्यांतच तो पक्ष राज्यात त्याच काँग्रेसबरोबर सत्तेत बसला. सोनिया गांधींच्या राजकारणाशी समाजवाद्यांचे कितीही मतभेद असोत, नोंदणीने झालेला नागरिक हा दुय्यम नागरिक नव्हे, हे तेव्हा निःसंदिग्धपणे सांगणारे आवाज थोडे होते ही खेदाची गोष्ट आहे.

पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत २०१६ च्या डिसेंबरपासून आणखी एक भेद रूढ झाला. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश यांतून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना नागरिकत्व देण्याचा अधिकार केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना दिला. पुणे त्यांत होते. या अर्जदारांचे शुल्क हजारांवरून शंभर रुपयांवर आणले गेले. पिंपरीतील सिंधी कुटुंबांची वर्षानुवर्षांची परवड त्यामुळे कमी झाली, याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु त्याच पाकिस्तानातून पुण्याच्या एखाद्या मुस्लिम घरात सून म्हणून आलेल्या मुलीची फाईल मात्र जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्यातून दिल्लीकडे, जुन्याच वाटेने, जुन्याच गतीने जात राहते. २०१९ च्या कायद्याने आणि २०२४ च्या मार्चमधील नियमांनी हा धर्मभेद आणखी पक्का केला. शंभर रुपयांचा न्याय सर्वांना मिळाला असता तर तिजोरी रिकामी झाली नसती.

तेव्हा मागणी करायची ती दोन्ही सरकारांकडे, आणि आपल्या सरकारकडे आधी. विवाहामुळे परदेशी नागरिकत्व घ्यावे लागणाऱ्या स्त्रीपुरुषांना नवव्या कलमातून वगळणारी दुरुस्ती संसदेतील पक्षाच्या सभासदांनी मांडावी, निदान तेवढ्यापुरती चर्चा घडवून आणावी. अनिर्बंध दुहेरी नागरिकत्व देऊन धनिकांना करचुकवेगिरीला आणखी एक बिळ देण्याचे कारण नाही. आणि मतदानाचा हक्क प्रत्यक्ष निवासाशी बांधता येतो. दुसरीकडे, परदेशी जोडीदारासाठीची सात वर्षांची अट पूर्ववत पाचावर यावी आणि तिच्या अंमलबजावणीत धर्माचा रकाना नसावा. ब्रिटिश मजूर पक्षातील मित्रांशी पत्रव्यवहार असणाऱ्यांनी २९,००० पौंडांच्या अटीबद्दल आणि २७० दिवसांच्या मोजणीतून आजारी आईबापांच्या शुश्रूषेचा काळ वगळण्याबद्दल त्यांना लिहावे. शहर शाखेने आणखी एक साधे काम हाती घेण्यासारखे आहे: वधूवर-सूचक मंडळांतून आणि महिला मंडळांतून या कायद्यांची माहिती देणारे चार पानी मराठी पत्रक वाटावे. त्यात दिवसांची मोजणी कशी करायची, कोणते कागद स्वतःच्या ताब्यात ठेवायचे, छळ झाल्यास कोणत्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि भारतीय पासपोर्ट परत केल्यानंतर पाच वर्षे कार्डधारक राहून व अर्जापूर्वी बारा महिने येथे निवास करून भारतीय नागरिकत्व पुन्हा मागण्याची जी तरतूद आपल्या कायद्यात आहे ती काय आहे, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे.